दडा सुटला म्हणजे कान बरा झाला असं नाही

एका ताईंनी प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा. ताईंचा भाऊ अकरा वर्षं मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन बघतो. फेरी करून बंदरावर उतरला की एक-दोन दिवस त्याच्या कानाला दडा बसलेला असतो, बारीक कुंई असा आवाज येत राहतो, मग आपोआप सुटतं, आणि म्हणून तो म्हणतो की मला काही होत नाही. त्यात ताईंनी कुठेतरी वाचलं की जहाजांच्या आवाजाने डॉल्फिन आणि देवमासे बहिरे होतात, तर हे खरं का, आणि त्यांच्या कानाचं नि आपल्या कानाचं काही सारखं असतं का.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं झाली कोकणात कान तपासतेय, त्यातले कितीतरी कान बोटीवरचे. देवमाशाचा कान मी कधी तपासलेला नाही, पण तिकडचं संशोधन मी आवर्जून वाचते कारण मशीन तेच, ग्राफ तोच आणि चूकही तीच. चूक म्हणजे भाऊ करतोय ती. दडा सुटला म्हणजे कान पूर्ववत झाला असं धरून चालणं.

आधी आत काय होतं ते सांगते. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, कॉक्लिआ, आणि तिच्यात एका कानाला साधारण १५ ते १६ हजार केसपेशी. आवाज आला की आतलं पाणी हलतं, त्या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि तिथून नसेला निरोप जातो. आवाज फार मोठा असला किंवा फार वेळ चालला की हे केस दमतात, पेशी सुजतात, निरोप नीट जात नाही. हाच तो दडा. शांततेत राहिलं की काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत पेशी सावरतात. जोराच्या पावसात भात आडवं होतं आणि उघडीप मिळाली की उभं राहतं ना, तसंच. पण तेच भात आठवड्याला एकदा असं आडवं होत राहिलं तर काही रोपं उठतच नाहीत. आणि इथे पुन्हा लावणी नाही. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केसपेशी परत उगवतात, हे १९८०च्या दशकात सापडलं. सस्तन प्राण्यांत उगवत नाहीत. माणसात नाही, कुत्र्यात नाही, डॉल्फिनमध्ये नाही, देवमाशात नाही. देवमासा नावाला मासा, कान मात्र आपल्याच घराण्यातला.

आता यातली खरी वाईट गोष्ट. २००९ साली अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन या दोघांनी उंदरांवर एक प्रयोग केला. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला, ऐकणं कमी झालं, आणि मग दोनेक आठवड्यांत तपासणीत सगळं नॉर्मल आलं. केसपेशीही जिवंत. पण त्यांनी कापून बारकाईने बघितलं तर केसपेशी आणि नस यांच्यामधले जे जोड असतात, सिनॅप्स, त्यातले जवळजवळ निम्मे त्या भागात गेलेले. म्हणजे मीटर चालू, बल्ब चालू आणि मधल्या अर्ध्या वायरी तुटलेल्या. शांत खोलीत बीप ऐकायला उरलेल्या वायरी पुरतात म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो, पण बाजारात, लग्नात, चार माणसं एकदम बोलत असताना त्या पुरत नाहीत. माणसाच्या कानात हे नक्की किती प्रमाणात होतं यावर अजून काम चालू आहे, पण ‘दडा सुटला, मी बरा’ या वाक्यावरचा माझा विश्वास मात्र तेव्हापासून उडाला.

एक प्रसंग सांगते. बंदराजवळच्या एका शाळेत कॅम्प होता, साउंडप्रूफ खोली वगैरे काही नाही, वर्गाच्या खिडक्या लावून घेतलेल्या. एक काका आले, तीस वर्षं इंजिनावर, सोबत काकू. काकांची तक्रार तीच जी मी हजार वेळा ऐकलीय, ‘ऐकू येतं हो मॅडम, पण काय बोलतात ते समजत नाही’. हेडफोन लावला, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हटलं. ५०० हर्ट्झला (आकडा जितका मोठा तितका सूर बारीक) लगेच दाबलं, १००० ला दाबलं, २००० ला जरा उशिरा. मग ४००० लावला. ४० डेसिबल, काही नाही. ५० नाही, ६० नाही. काका अंगठा बटणावर टेकवून अगदी ताठ बसलेले, परीक्षेला बसल्यासारखे, आवाजाची वाट बघत. ७० केला आणि बाजूच्या बाकावर बसलेल्या काकू म्हणाल्या, ‘अहो, वाजतंय की, दाबा ना!’ हेडफोनच्या बाहेर झिरपलेला आवाज काकूंना हातभर अंतरावरून ऐकू आला आणि काकांना तो थेट कानाशी असून नाही. काकू त्यानंतर काही बोलल्याच नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, कारण घरी ‘मुद्दाम ऐकत नाहीत’ म्हणून वर्षानुवर्षं भांडण झालेलं होतं.

समजत नाही म्हणजे काय तर भाषेतले जाड आवाज, आ, ओ, म, ब, हे खालच्या फ्रीक्वेन्सीत असतात, ते काकांना येतात. स, श, फ, थ हे वर असतात आणि हलकेही असतात, ते आधी जातात. कुणी ‘साठ’ म्हटलं की काकांना ‘आठ’ ऐकू येतं. लिलावात उभं राहून साठचं आठ ऐकलं की काय होतं ते मासळीवाल्यांना मी सांगायची गरज नाही.

४००० च का, तर आपल्या कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची, ती ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच फुगवून आत पाठवते, आणि आतल्या कानाची सवय अशी की मोठा आवाज ज्या फ्रीक्वेन्सीचा असेल त्याच्या जरा वर, अर्धा सप्तक वर, सगळ्यात जास्त मार बसतो. म्हणून ग्राफवर ३०००-६००० च्या मध्ये खड्डा दिसतो आणि ८००० ला रेषा परत थोडी वर येते. हा खड्डा बघितला की मी माणसाला आधी कामच विचारते. ट्रॉलर, गिरणी, चिऱ्याची खाण, बंदूक, ढोल, यातलं काहीतरी निघतंच.

आणि आता समुद्राकडे येते, कारण हाच अर्ध्या सप्तकाचा नियम एका सीलच्या कानात दिसला. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक शिकवलेला सील होता, तो पाण्यात आवाज ऐकून खूण करायचा, म्हणजे आमचं बटण दाबायचंच काम. तात्पुरतं ऐकणं कधी कमी होतं हे बघायला त्याला हळूहळू आवाज वाढवत ऐकवत होते. एक दिवस ४.१ किलोहर्ट्झचा सूर ६० सेकंद वाजला आणि त्याचं ऐकणं एकदम ढासळलं, आणि कायमचा मार बसला तो ४.१ ला नाही तर ५.८ ला, बरोबर अर्धा सप्तक वर. बरंचसं भरून आलं, पण सगळं नाही, दहा वर्षांनंतरही ५.८ ला सुमारे ८ डेसिबलचा तोटा तसाच राहिला होता. हे २०१९ ला छापून आलं. ६० सेकंद आणि दहा वर्षं! ती शास्त्रज्ञ मंडळी मुद्दाम इजा करायला गेली नव्हती, मर्यादेच्या आत राहायचाच प्रयत्न होता. मर्यादा कुठे आहे हे ती ओलांडल्यावर कळतं, माझ्या पेशंटांचंही असंच.

डॉल्फिन आवाज आपल्यासारखा कानाच्या भोकातून घेत नाही, ते भोक जवळपास बुजलेलंच असतं, त्याच्या खालच्या जबड्यातल्या चरबीतून आवाज आतल्या कानाकडे जातो. तपासायचं कसं, तर आम्ही तान्ह्या बाळांची बेरा टेस्ट करतो ना, बाळ झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूपर्यंत निरोप पोचतो का बघतो, तीच टेस्ट, फक्त इलेक्ट्रोड रबरी सक्शन कपात बसवून डॉल्फिनच्या डोक्याला चिकटवतात. अमेरिका आणि कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर वाहून आलेल्या दातवाल्या देवमाशांची आणि डॉल्फिनची अशी तपासणी करून २०१० ला निकाल आले. त्यातल्या बॉटलनोज डॉल्फिनपैकी निम्म्याहून जास्त जवळजवळ बहिरे होते. ज्या प्राण्याला अंधाऱ्या पाण्यात मासा शोधायचा तो स्वतःच्या क्लिकचा प्रतिध्वनी ऐकून, तो बहिरा म्हणजे आंधळाच.

पण इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायचीय कारण बातम्यांत ती गाळतात. हे सगळे आवाजानेच बहिरे झाले असं त्या अभ्यासाने म्हटलेलं नाही. वय असतं, जन्मतः दोष असतो, आणि वाचवलेल्या जनावराला जंतुसंसर्गासाठी जेन्टामायसिन-अमिकासिनच्या जातीची औषधं देतात, ती कानाला घातक. माणसातही हेच. म्हातारे डॉल्फिन वरच्या फ्रीक्वेन्सी आधी गमावतात, आणि नर माद्यांपेक्षा लवकर, अगदी आपल्या घरातल्या आजोबा-आजींसारखं. म्हणून कुणाचाही बहिरेपणा बघितला की मी वय, औषधं आणि आवाज तिन्ही विचारते. टीबीची इंजेक्शनं घेतलेला माणूस इंजिनावर असेल तर धोका नुसता बेरजेचा नसतो, दोन्ही मिळून एकमेकांना जोर देतात.

आकड्यांचंही एक बघा. ‘जहाजाचा आवाज १९० डेसिबल, विमानापेक्षा मोठा’ असं वाचलं की घाबरून जाऊ नका आणि हसूही नका. पाण्यातलं डेसिबल आणि हवेतलं डेसिबल वेगळ्या शून्यापासून मोजतात आणि पाणी जास्त घट्ट माध्यम, त्यामुळे तेवढ्याच तीव्रतेच्या आवाजाला पाण्यात साधारण ६२ चा आकडा जास्त लागतो. म्हणजे १९० चे हवेतले १२८ च्या आसपास, आणि तेही जहाजापासून एक मीटरवरचं धरलेलं. तरीही ते कमी नाही, कारण पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो आणि खालच्या फ्रीक्वेन्सी शेकडो किलोमीटर विरत नाहीत.

आता माझं मत. बहिरेपणा हा समुद्रातला सगळ्यात मोठा प्रश्न नाही, तो फक्त मोजायला सोपा आहे. २००० च्या मार्चमध्ये बहामात नौदलाच्या सोनारनंतर (पाण्याखाली शोध घ्यायला सोडतात तो जोराचा आवाज) १७ जनावरं किनाऱ्याला लागली. २००२ ला कॅनरी बेटांजवळ नौदलाच्या सरावावेळी १४ चोचवाले देवमासे आले, आणि तिथे तपासलेल्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले, खोल बुडणाऱ्या पाणबुड्याला होतात तसे. म्हणजे कान फुटून मेले असं नाही, आवाजाने बिथरून त्यांचं बुडणं-वर येणं बिघडलं हे जास्त पटतं. स्पेनने २००४ ला तिथे सोनार बंद केला आणि त्यानंतर तसा प्रकार तिथे झालेला नाही. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण एवढं स्वच्छ कारण आणि एवढा स्वच्छ उपाय आमच्या धंद्यात क्वचित दिसतो.

आणि त्याहूनही रोजचा त्रास म्हणजे आवाजात आवाज बुडणं. मोठ्या जहाजाचा पंखा पाण्यात बुडबुडे तयार करून फोडतो, त्याची घरघर नेमकी मोठ्या देवमाशांच्या हाकेच्या पट्ट्यात येते. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस कॅनडाच्या फंडीच्या आखातात जहाजांची ये-जा कमी झाली, पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला, आणि त्याच दिवसांत तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाच्या हार्मोनचं प्रमाण उतरलेलं सापडलं. ती विष्ठा दुसऱ्याच अभ्यासासाठी गोळा करत होते, हे नंतर जुळवून बघितलं तेव्हा कळलं. बहिरेपणाचा प्रश्नच नव्हता तिथे. नुसता सततचा ताण. हायवेला लागून घर असलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर आणि झोप यांचं हेच होतं, कानाचा रिपोर्ट नॉर्मल असतानाही. किलर व्हेल बोटींच्या आवाजात स्वतःचा आवाज चढवतात, आवाज एक डेसिबलने वाढला की हाकही जवळपास एकाने. मच्छीमार्केटात आपण करतो तेच. आपल्याकडे बिहारमधल्या गंगेत सोंसांवर, म्हणजे नदीतल्या डॉल्फिनवर, २०१९ ला असाच अभ्यास आला. सोंस जवळजवळ आंधळाच, सगळा भार कानावर, आणि उन्हाळ्यात पाणी उथळ झालं की बोटींचा आवाज त्याला जास्त जाचतो. आपण दुसरीकडे घर घेऊ शकतो, नदीतला सोंस कुठे जाणार?

एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते, मी रोज लोकांच्या कानातला मळ काढते म्हणून मला ती फारच जवळची वाटते. मोठ्या देवमाशांच्या कानात मळाची लांब वात साठत जाते, बाहेर पडत नाही, आणि झाडाच्या खोडासारखे तिचे थर असतात, साधारण सहा महिन्यांना एक. संग्रहालयांत जपलेल्या वातींचे थर सोडवून शास्त्रज्ञांनी त्यातलं ताणाचं हार्मोन मोजलं, २०१८ ला ते छापलं, १८७० पासूनचा हिशोब. शिकार वाढली की ताण वाढलेला दिसतो हे समजू शकतं, पण दुसऱ्या महायुद्धात शिकार कमी झालेली असूनही तो चढलेलाच होता, आणि संशोधकांनी त्याचा संबंध युद्धातल्या जहाजांशी आणि स्फोटांशी लावलाय.

आता भावाकडे. हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात वर्षानुवर्षं ९० ला आठ तास धरत आलेत, मी ८५ वालाच धरते. मी स्वतः मीटर घेऊन ट्रॉलरच्या इंजिनखणात उतरलेय, फळ्या बंद असताना १०० च्या वर काटा होता आणि शेजारच्या माणसाचं बोलणं ओठ बघून समजून घ्यावं लागत होतं. मीटर नसेल तर हीच खूण धरा, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कान खातोय.

कानात कापसाचे बोळे घालून काही होत नाही. तेलात भिजवून घातले तरी नाही, उलट कान पिकतो. फोमचे प्लग स्वस्त असतात, मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतात, पण बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोट टेकवून धरायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमतो, ती खूण. आवाज किती कमी होतो याचा पाकिटावरचा आकडा लॅबमधला असतो, बोटीवर त्याच्या निम्मा मिळाला तरी चांगलं. खणात उतरायचं असेल तर प्लगवर इअरमफ घालू दे त्याला, आणि इंजिन चालू असताना कारण नसताना खाली बसून जेवायचं, झोपायचं हे बंद.

प्लग हा मात्र शेवटचा उपाय, आधी आवाज जिथे होतो तिथे धरायचा. उत्तर समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकताना जर्मनीने मर्यादा घातली, ठोकण्यापासून ७५० मीटरवर पाण्यातले १६० डेसिबल, मग कंपन्यांनी खांबाभोवती तळातून हवा सोडून बुडबुड्यांचा पडदा उभा केला, आवाज त्यात अडकतो आणि पॉरपॉइजचे, म्हणजे डॉल्फिनसारख्या छोट्या प्राण्यांचे, कान वाचतात. तुमच्या बोटीवर एवढं नको, सायलेन्सर फुटलेला असेल तर बदला, इंजिनाच्या सैल माउंटिंगचे बोल्ट आणि रबर बघा, खणाच्या फळीला खालून जाड रबरी शीट मारा, तेवढ्यानेही फरक पडतो. मालकाला समजवायचं असेल तर कंपनं कमी झाली की इंजिनही टिकतं हे सांगा, ते लवकर पटतं.

एखाद्या दिवशी दडा नेहमीसारखा सुटला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच, किंवा एकाच कानाला अचानक कमी ऐकू यायला लागलं तर अमावस्या-पौर्णिमा, पुढची फेरी काही बघू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. अचानक गेलेल्या ऐकण्यावर औषध पहिल्या काही दिवसांतच लागू पडतं, महिन्याने आलेल्या माणसासाठी आम्हाला फार काही करता येत नाही.

आणि एक संधी तुमच्याकडे आहे जी कारखान्यातल्या माणसाकडे नसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे कानाला सलग दोन महिने विश्रांती. शेवटची फेरी करून उतरला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा तो ग्राफ, काढा, आणि दुसरा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, बोटी पाण्यात जायच्या आत. मधल्या काळात ढोल-डीजेपासून लांब ठेवा त्याला. दोन कागद शेजारी ठेवले की जो फरक दिसेल तो दमलेला कान, आणि जुलैच्या कागदावर जो खड्डा उरलेला असेल तो गेलेला कान. तपासताना ३००० आणि ६००० हर्ट्झ मुद्दाम करायला सांगा, कॅम्पात वेळ नसतो म्हणून बऱ्याच ठिकाणी २००० वरून ४००० आणि ४००० वरून ८००० वर उडी मारतात आणि पहिला खड्डा कधीकधी ६००० लाच असतो. दोन्ही कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीच्या कागदांसोबत ठेवा, पुढच्या जुलैला तिसरा काढाल तेव्हा लागतील.